घरची सेप्टिक टाकी: गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी बावीस वर्षं टाकीचं झाकण कुणी उघडलं नव्हतं आणि बाबा ते कौतुकाने सांगायचे. मग एका पावसाळ्यात घरात दोघांना कावीळ झाली, विहिरीचं पाणी तपासायला दिलं, तपासणीच्या बाटलीतलं पाणी काळं पडलं, म्हणजे त्यात मैल्याचे जंतू असावेत, आणि तेव्हा पहिल्यांदा आम्ही परसातल्या टाकीवरच्या त्या फरशीकडे नीट बघितलं. त्यानंतर टाकी परत बांधून घेतली, चुका केल्या, शिकलो, आणि आता आवाठातले (वाड्यावरचे), नात्यातले, ऑफिसातले लोक जे जे विचारतात ते सगळं इथे एका ठिकाणी लिहून ठेवतोय.

आमची टाकी पंचवीस वर्षांत एकदाही भरली नाही, म्हणजे चांगलीच बांधलीय ना?

नाही हो. आणि हे सगळ्यात आधी सांगतोय कारण गोव्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, "आमची टाकी केन्नाच भरना". धड असलेली सेप्टिक टाकी कायम भरलेलीच असते. आत आलेली घाण तीन थरांत बसते, जड गाळ तळाला, तेल-तूप आणि हलकं सगळं वर साय धरल्यासारखं, आणि मधे त्यातल्या त्यात निवळ पाणी. नवीन फ्लश आला की तेवढंच मधलं पाणी दुसऱ्या टोकाच्या पाइपातून सोकपीटात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यात, जातं. म्हणजे पाण्याची पातळी बारा महिने बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी पाहिजे. एप्रिलमध्ये झाकण उघडलं आणि पाणी त्या पाइपाच्या फूट-दीड फूट खाली दिसलं तर पाणी तळातून नाहीतर भिंतीतून जमिनीत जातंय, आणि पावसाळ्यात तीच पातळी आपोआप वर आली तर जमिनीतलं पाणी आत येतंय, म्हणजे वाट दोन्हीकडून मोकळी आहे.

आमच्या टाकीला तळच नव्हता. चिऱ्याच्या चार भिंती, खाली माती. तशा टाक्या जुन्या घरांत बऱ्याच सापडतात, कारण त्या काळी मेस्त्रींना सांगितलेलं एकच असायचं, "भरता नये". आणि आपला चिरा म्हणजे जांभा, तो भोकाभोकांचा दगड, त्यातून आणि खालच्या जांभ्या जमिनीतल्या भेगांतून पाणी झरझर वाहतं. वाळूत किंवा मातीत पाणी हळू झिरपताना जे गाळलं जातं ते इथे होतंच असं नाही, घाण सरळ पुढे जाते, आणि पुढे कुणाची ना कुणाची विहीर असतेच.

मग किती वर्षांनी उपसायची?

दोन ते तीन वर्षांनी. वापर, माणसं, टाकीचा साईझ यावर थोडं मागेपुढे होईल पण पाच वर्षं चालवायची म्हणजे जास्तच झालं. नियम असा धरा की गाळ आणि वरची साय मिळून टाकीतल्या पाण्याच्या खोलीचा एक तृतीयांश भाग व्यापला की टँकर बोलवायचा, कारण त्याच्यापुढे मधल्या पाण्याला जागा कमी पडते, गाळ निवळायच्या आधीच बाहेर पडतो आणि सोकपीटात जाऊन बसतो. टाकी उपसणं हे एका सकाळचं काम आहे पण सोकपीट एकदा गाळाने चोंदला की नवीन खणावा लागतो, तो खर्च वेगळाच.

झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा लाइटच्या मीटरच्या बॉक्सवर ऑइल पेंटने उपसल्याची तारीख लिहून ठेवा, कागदावर लिहिलेलं हरवतं.

कुठल्या महिन्यात करावं?

एप्रिल किंवा मे, पहिल्या पावसाच्या आधी. यावर मी जरा जास्त बोलणार कारण आपल्याकडे नेमकं उलटं होतं, लोक जुलैत टाकी उसळली की टँकरला फोन करतात.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैपर्यंत जमीन पाण्याने गच्च झालेली असते, विहिरी काठोकाठ येतात, सोकपीटाला पाणी सोडायला जागाच नसते. त्यात चवथ, म्हणजे गणपती, येते, ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरमध्ये. मुंबई, पुणे, आखातातून सगळे मूळ घरी येतात, पाच माणसांच्या घरात पाच दिवस वीस माणसं. आता हिशेब करून बघा. पाच माणसांसाठी बांधलेल्या टाकीत साधारण अकराशे लिटर पाणी मावतं. एरवी पाच माणसं दिवसाला पाच-पाच वेळा आठ लिटरचा फ्लश करतात, म्हणजे दोनशे लिटर, पाणी टाकीत पाच दिवस थांबतं आणि आरामात निवळतं. वीस माणसं झाली की आठशे लिटर. आणि टाकीचा एक तृतीयांश गाळाने भरलेला असेल तर जागा उरली साडेसातशे लिटरची. म्हणजे सकाळची घाण दुसऱ्या दिवसापर्यंतही आत थांबत नाही, आणि निवळायला कमीत कमी एक अख्खा दिवस तरी लागतोच. गणपती घरात असताना अंगणात मैलापाणी येण्यासारखं वाईट दुसरं काही नाही, ते आमच्याकडे एकदा झालंय, आईने त्या दिवशी रडायचंच बाकी ठेवलं होतं.

मे मध्ये उपसायचं दुसरं कारण म्हणजे जमीन भिजलेली असताना टाकी पूर्ण रिकामी केली तर बाहेरच्या पाण्याचा दाब सगळा भिंतींवर येतो, प्लॅस्टिकची टाकी असेल तर ती चक्क वर उचलली जाते आणि पाइप तुटतात, चिऱ्याची जुनी भिंत असेल तर ती आत ढासळू शकते. उपसून झालं की टाकी रिकामी ठेवायची नाही, साधं पाणी भरायचं, पाइपाच्या तोंडापर्यंत.

गाळ किती झालाय हे घरच्या घरी कळतं का?

कळतं, पण झाकणाच्या तोंडावर वाकायचं नाही, सिगरेट, समई, काडेपेटी काही जवळ आणायची नाही, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं लांब. झाकण उघडून अर्धा तास तसंच सोडा. मग एक लांब काठी घ्या, खालच्या मीटरभर भागाला जुना पांढरा टॉवेल सुतळीने घट्ट गुंडाळा, उभं राहूनच हळूहळू तळाला टेकवा, दोन-तीन मिनिटं धरा, गोल फिरवून सरळ वर काढा. गाळाचा काळा भाग टॉवेलवर स्पष्ट उमटतो, तो टेपने मोजा. काठी नंतर फेकून द्या, हात साबणाने कोपरापर्यंत धुवा. एकट्याने करू नका, दुसरं माणूस चार पावलांवर उभं पाहिजे.

आमच्या घराला केवढी टाकी पुरते?

भारतीय मानक आयएस २४७० मध्ये यासाठी तक्ते दिलेत. दोन वर्षांनी उपसायची म्हटलं तर पाच माणसांना आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर. दहा माणसांना दोन मीटर लांब, नव्वद सेंटिमीटर रुंद, खोली तीच. वीस माणसांना २.३ मीटर लांब, १.१ मीटर रुंद आणि खोली १.३ मीटर. पाण्याच्या वर तीसेक सेंटिमीटर मोकळी जागा सोडायची ती वेगळी. टाकी दोन हजार लिटरपेक्षा मोठी असेल तर आत आडवी भिंत घालून दोन कप्पे करायचे, पहिला कप्पा दोन तृतीयांश.

मोठी बांधली की झालं असंही नाही. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांना टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) लावलेला पाहिजे, म्हणजे वरची साय ढवळली जात नाही आणि बाहेर जात नाही, आणि बाहेरचं तोंड आतल्या तोंडापेक्षा पाच सेंटिमीटर खाली. हा दोन-तीनशे रुपयांचा टी कित्येक टाक्यांत नसतो, प्लंबर म्हणतो "गरज ना", पण सोकपीट चोंदायचं मोठं कारण तेच असतं, त्यामुळे काम चालू असताना स्वतः उभं राहून बघा.

विहिरीपासून किती लांब पाहिजे? शेजाऱ्याच्या विहिरीचं काय?

मानकाप्रमाणे सोकपीट पिण्याच्या पाण्यापासून कमीत कमी १८ मीटर, म्हणजे साठ फूट, आणि राहत्या घरापासून ६ मीटर. आणि विहीर म्हणजे फक्त आपली नव्हे. वाड्यावर घरं एकमेकांना चिकटून, आपला सोकपीट परसाच्या टोकाला नेऊन आपल्या विहिरीपासून सत्तर फूट लांब केला आणि तो कुंपणापलीकडच्या काकींच्या विहिरीपासून वीस फुटांवर आला तर आपण काय केलं? त्यांच्या घरातली नातवंडं ते पाणी पितात.

दुसरं म्हणजे उतार. डोंगराच्या कुशीतलं घर असेल, सत्तरी, सांगे, काणकोण, फोंड्याकडची कुळागरं (सुपारी-माडांच्या बागा), तर जमिनीखालचं पाणी बहुतेक उताराच्या दिशेनेच जातं, त्यामुळे विहीर वर आणि सोकपीट खाली पाहिजे. उलटं असेल तर साठ फूटही कमी समजा. जागा लहान असेल तर साधा सोकपीट करू नका, पुढे लिहिलेले पर्याय बघा.

विहिरीत घाण उतरतेय हे कसं ओळखायचं? पाणी तर काचेसारखं आहे.

काचेसारखंच असतं, आमचंही होतं. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि चवही बदलत नाही. घरच्या घरी करायची सोपी टेस्ट म्हणजे एचटूएस बाटली, त्यात पाणी भरायचं आणि उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं तर मैल्यातले जंतू असण्याची दाट शक्यता. नक्की कळायला लॅबमध्ये कोलिफॉर्म आणि ई कोलाय हे जंतू तपासून घ्यायचे. पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई कोलाय अजिबात सापडता नये, थोडं चालतं असं काही नाही. नायट्रेटही बघून घ्या, ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलं तर ते तान्ह्या बाळांना धोक्याचं, आणि नायट्रेट उकळून जात नाही.

वर्षातून दोनदा तपासा, एकदा मे मध्ये आणि एकदा पहिले मोठे पाऊस झाल्यावर, कारण पहिल्या पावसातच वरची घाण एकदम खाली ओढली जाते.

जंतू निघाले तर पाणी उकळून प्या आणि विहिरीत ब्लिचिंग पावडर घाला. चांगल्या पावडरीचं प्रमाण १००० लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीचं पाणी मोजायचं असं: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ३.१४ ने गुणून चारने भागायचं, येईल ते घनमीटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण २८ घनमीटर म्हणजे २८,००० लिटर, त्याला सत्तर ग्रॅम पावडर. बादलीत कालवून, खडे खाली बसू देऊन, वरचं पाणी कळशीने विहिरीत सोडून ढवळायचं, तासभर तरी थांबायचं, मगच वापरायचं. पण हे मलम आहे. टाकी गळत असेल तर चार दिवसांनी परत तेच.

संडासात काय काय टाकायचं नाही?

सॅनिटरी पॅड, डायपर, वेट वाइप्स (पाकिटावर फ्लश करता येतं लिहिलेलं असलं तरी), कंडोम, कापूस, केस, सिगरेटची थोटकं, औषधांच्या गोळ्या, रंग, टर्पेन्टाइन, रॉकेल. पॅडसाठी संडासातच झाकणाचा लहान डबा ठेवा आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना स्पष्ट सांगा, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

किचनचं पाणी शक्यतो सेप्टिक टाकीत सोडूच नका. आपल्या जेवणात खोबरं आणि खोबरेल, हुमणाचा रस, तळलेल्या माशाचं तेल, ते सगळं थंड झालं की गोठतं आणि पाइपाला आतून चिकटतं. बाहेर एक छोटा ग्रीस चेंबर करा, वर जमलेलं तेल आठवड्याला चमच्याने काढून सुक्या कचऱ्यात न टाकता मातीत पुरा. आणि कढई धुवायच्या आधी कागदाने पुसून घ्या, अर्धं काम तिथेच होतं.

हार्पिक, फिनाईल वापरलं तर टाकीतले चांगले जंतू मरतात का?

आठवड्यातून एक-दोनदा थोडंसं वापरलं तर काही होत नाही, एवढ्या पाण्यात ते पातळ होऊन जातं. रोज अर्धी बाटली ओतणं, किंवा वास मारायला टाकीत थेट ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर टाकणं, हे मात्र करू नका. टाकीतलं सगळं काम जंतूच करतात, ते मेले की घाण सडत नाही, नुसती साठते. आणि ॲसिड आणि ब्लिचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो, छाती भरून येते, ते तर संडास धुतानाही कधी मिसळू नका.

ती बॅक्टेरियाची पावडर, यीस्ट, शेण, गूळ, यातलं काय टाकायचं?

चालू टाकीत काहीच नाही. लागणारे जंतू रोज आपल्याच पोटातून येतात. पावडर टाकली की उपसावंच लागत नाही असं सांगून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, तळाला बसलेली माती, रेती आणि न कुजणारा गाळ कुठलाच जंतू खात नाही. फक्त नवीन टाकी सुरू करताना ती आधी पाण्याने भरायची आणि चालू टाकीतला थोडा गाळ, तो नसेल तर थोडं कुजलेलं शेण, विरजण म्हणून घालायचं. उपसतानाही तळाला थोडा गाळ सोडायचा तो याचसाठी, घासूनपुसून धुवायची गरज नाही.

बाथरूमचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी टाकीत सोडावं का?

माझं मत विचाराल तर नको. मशीन एका वेळी शंभर लिटरच्या आसपास पाणी ओतते आणि ते एकदम येतं, टाकी ढवळून निघते. पूर्वी न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात, केळीला, अळवाला जायचं, तेच अजूनही सगळ्यात चांगलं, फक्त पाणी साचून राहता नये आणि विहिरीकडे जाता नये. कर्दळ लावलेला खडीचा वाफा केला तर आणखी चांगलं, तिची मुळं ते पाणी पितात. पण कपड्यांत बाळाचे डायपरचे कपडे किंवा आजारी माणसाच्या चादरी असतील तर ते पाणी मैल्यासारखंच समजा.

पावसाचं पाणी मात्र कधीच नाही. पन्हळीचा पाइप जवळ पडतो म्हणून टाकीच्या चेंबरात सोडलेला मी स्वतः बघितलाय, एका रात्रीत अख्खी टाकी धुवून सोकपीटात.

पावसात खालच्या मजल्यावरचा संडास भरून येतो, गुडगुड आवाज येतो. काय करू?

आधी बघा एकच संडास अडलाय की सगळं. एकच असेल तर पाइपात काहीतरी अडकलंय. सगळीकडे पाणी हळू जात असेल, मोरीतून बुडबुडे येत असतील, सोकपीटावर जमीन दबदबीत आणि गवत बाजूपेक्षा हिरवंगार असेल, तर सोकपीट पाणी घेत नाही.

भर पावसात करण्यासारखं फार नसतं. पाणी कमी वापरा, मशीन दुसरीकडे वळवा, पन्हळी आणि अंगणाचं पाणी सोकपीटापासून लांब काढा, टाकीचं झाकण जमिनीपेक्षा खाली असेल तर भोवती कठडा करून पावसाचं पाणी अडवा. टँकर बोलावलात तर अर्धीच उपसा. खरं काम उन्हाळ्यात. मांडवी-जुवारीच्या काठची, साष्टीतल्या खाजनालगतची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांलगतची) घरं, किनाऱ्याजवळची घरं यांना पावसात पाणी हाताने लागतं इतकं वर येतं, आणि जमिनीखाली १.८ मीटरच्या आत पाणी लागत असेल तिथे खड्ड्यातला सोकपीट चालतच नाही, तो जमिनीवर मातीचा उंचवटा करून त्यात घ्यावा लागतो असं मानकच सांगतं. काहीजण टाकीच्या पुढे खडीचा फिल्टर बांधतात, ज्यात पाणी खालून वर चढतं, तोही चांगला पर्याय आहे.

वास येतो आणि डास पण फार झालेत.

व्हेंट पाइप, म्हणजे टाकीतला वायू वर सोडणारा पाइप, बघा. निदान पन्नास मिलिमीटरचा, घराजवळ टाकी असेल तर छपराच्या दोन मीटर वर गेलेला. बरेचदा तो खिडकीच्या उंचीवरच कापलेला असतो, मग वास दुसरीकडे कुठे जाणार? त्याच्या तोंडाला बारीक जाळी पाहिजेच, हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो. जाळी दोन वर्षांत गंजते, नायलॉनची लावा. झाकणाच्या फटी सिमेंटने कायमच्या बुजवू नका, चुन्याच्या गिलाव्याने बंद करा म्हणजे उघडता येतं.

एक माणूस आहे, तो स्वस्तात आत उतरून साफ करून देतो. चालेल?

नाही. कितीही स्वस्त असलं, तो स्वतः "मला सवय आहे" म्हणाला तरी नाही.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. थोडा असताना वास येतो, जास्त झाला की नाकाची वास घ्यायची शक्तीच मारतो, माणसाला वाटतं वास गेला, बरं झालं, आणि दोन श्वासांत तो खाली पडतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून झाकण तासभर उघडं ठेवलं तरी तळाशी बसून राहतो आणि गाळ ढवळला की आणखी सुटतो. त्याच्या जोडीला मिथेन, जो पेट घेतो. आणि अशा अपघातात एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, भाऊ, मुलगा, शेजारी. कुणी आत पडलं तर कितीही जीव तुटला तरी तोंडाला फडकं बांधून उतरू नका, फडक्याने काही अडत नाही, १०१ किंवा ११२ आणि १०८ ला फोन करा आणि वरून हवा सोडता येत असेल तर सोडा.

कायदाही स्पष्ट आहे. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याप्रमाणे सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे, पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो कामाला लावणाऱ्या घरमालकालाही लागतो. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. तीस लाख मिळाले म्हणून कुणाचा बाप परत येत नाही. मशीनचा टँकरच बोलवा.

टँकरवाल्याला काय विचारायचं?

कुठे रिकामा करणार, हे पहिलं. पणजीत टोंक, मडगाव आणि वास्कोला सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आहेत, गाळ अशाच ठिकाणी गेला पाहिजे. रात्री ओहोळात, शेतात, खाडीत पाइप सोडणारे टँकर आपण सगळ्यांनी ऐकलेत. मी पैसे देताना पावती मागतो आणि गाडीचा नंबर लिहून घेतो. पाचशे रुपये कमी घेणारा का कमी घेतोय याचा विचार करा, लांबच्या प्रकल्पापर्यंत न्यायला डिझेल लागतं. पंचायतीत किंवा पालिकेत विचारलं तर नोंद असलेल्या टँकरची माहिती मिळते, आणि देशभरासाठी १४४२० ही हेल्पलाइन आहे.

पाइप किती लांब आहे तेही आधीच विचारा, वाड्यातल्या अरुंद वाटेवर गाडी येत नाही आणि मग सगळा दिवस वाया.

तो गाळ माडांना, सुपारीला घातला तर? खतच ना ते?

टाकीतून ताजा काढलेला नाही. त्यात जंतांची अंडी असतात, ती मातीत महिनोन्महिने, कधी वर्षं जिवंत राहतात, आणि कुळागरात आपण अनवाणी फिरतो, खाली पडलेली सुपारी हाताने वेचतो. खतच करायचं असेल तर दोन खड्ड्यांचा संडास वेगळा असतो, एक खड्डा भरला की बंद करून दुसरा वापरायचा आणि पहिला निदान दीड-दोन वर्षं तसाच ठेवायचा, मग त्याची कोरडी, वास नसलेली माती होते. पण तो विहिरीजवळ किंवा पाणी वर येणाऱ्या जागेत चालत नाही.

वरचे दोन रूम होमस्टेला देतोय. टाकी तीच पुरेल?

बहुतेक नाही. टुरिस्ट दिवसातून दोनदा शॉवर घेतो, टिश्यू फ्लश करतो, आणि डिसेंबरमध्ये रूम कधी रिकामा नसतो. माणसं मोजताना सगळ्यात गर्दीच्या दिवशी किती, ते मोजा, आणि उपसणं वर्षाला करा. संडासात मराठी-इंग्रजी-हिंदीत साधी पाटी लावा आणि शेजाऱ्याची विहीर वर्षातून एकदा आपल्या खर्चाने तपासून द्या, कमाई आपली आहे.

बायोडायजेस्टर बसवला तर कटकट संपते का?

डीआरडीओने, म्हणजे संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, उंच थंड भागातल्या जवानांसाठी बनवलेलं हे तंत्र आहे, त्यात खास जंतूंचं विरजण घालून मैला लवकर कुजवतात. कमी जागेत मावतो, गाळ कमी होतो. पण बाहेर येणारं पाणी पिण्यासारखं नसतं, त्यालाही वाफा किंवा सोकपीट आणि विहिरीपासून अंतर लागतंच, आणि ॲसिड-फिनाईलबद्दल त्यात जास्तच सांभाळावं लागतं.

आमच्या रस्त्याला सिवरेज लाइन आली. जोडू का? जुन्या टाकीचं काय करायचं?

जोडा, लगेच जोडा. २००८ चा गोव्याचा मलनिस्सारणाचा कायदा त्यासाठीच आहे. खोदकाम, अर्ज, अंगणाची फरशी फुटणं हा त्रास पंधरा दिवसांचा आहे. जोडताना फक्त संडास आणि सांडपाणी, पन्हळीचं पाणी नाही, नाहीतर पावसात मेनहोल उसळतात.

जुनी टाकी तशीच झाकून सोडू नका. वरचा स्लॅब आतल्या वायूने वर्षानुवर्षं कुजत राहतो, लोखंड गंजतं, आणि एक दिवस त्याच्यावर खेळणारं पोर किंवा चरणारी गाय आत जाते. टँकरने पूर्ण उपसा, चुना टाका, दोन्ही पाइप सिमेंटने बंद करा, माणूस आत न उतरवता वरूनच तळाला पहारीने भोकं पाडा म्हणजे पाणी साचणार नाही, स्लॅब तोडून आत टाका आणि माती-रेतीने थराथराने दाबून भरा. आमच्या जुन्या टाकीवर आता अबोली आहे, तिचे गजरे आई करते, आणि विहिरीची बाटली गेली चार वर्षं स्वच्छ येतेय.